पोटातील रक्तस्राव आणि अंतर्दर्शक

कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या हाताला जखम झाली, तर भोवतीचे दहा लोक धावून येतात. कोणी फडके घट्ट बांधतो, कोणी प्रथमोपचाराची पेटी आणतो, कोणी गाडी बोलावतो. रक्त वाहताना डोळ्यांना दिसत असते. त्यामुळे घाई करा असे कोणाला सांगावे लागत नाही. परंतु तेच रक्त अन्ननलिकेत, जठरात किंवा लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात वाहू लागले, तर ते कोणालाच दिसत नाही. माणूस पाळी पुरी करून घरी येतो, थकवा वाटतो म्हणून पडून राहतो, आणि घरची माणसे म्हणतात, ‘उन्हाने झाले असेल.’ भिलाईच्या उन्हाळ्यात भट्टीजवळ आठ तास काढून आलेल्या माणसाविषयी असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या स्वाभाविक समजुतीत जे तास निघून जातात, ते पुढे फार महाग पडतात.

पोटातील अशा रक्तस्रावावर आज पोट न उघडता उपचार करता येतो. तोंडावाटे एक लवचिक नळी आत घालून रक्त कोठून येते ते पाहता येते आणि पाहता पाहताच ते थांबवता येते. या नळीला शास्त्रीय भाषेत अंतर्दर्शक म्हणतात. लोक तिला नुसते ‘दुर्बीण’ म्हणतात. या दुर्बिणीची करामत मोठी आहे यात शंका नाही. परंतु तिच्या आधी काय करावयाचे आणि तिच्या नंतर काय पाळावयाचे, यावर तिचे यश अवलंबून असते, आणि या दोन्ही गोष्टींत रुग्णाच्या घरच्या माणसांचा वाटा फार मोठा असतो.

प्रथम खुणा पाहू. रक्ताची उलटी झाली तर ती कोणाच्याही ध्यानात येते. मात्र ती नेहमी लाल असतेच असे नाही. जठरातील आम्लात काही काळ राहिलेले रक्त तपकिरी होते व कॉफीच्या गाळासारखे दिसते. दुसरी खूण याहून महत्त्वाची, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. आतड्यांतून उतरताना रक्तातील हीमोग्लोबिनात रासायनिक बदल होतो आणि शौच काळेभोर, चिकट व विशेष दुर्गंधी असे होते. भिलाईच्या कोक भट्ट्यांत दगडी कोळशापासून निघणारे डांबर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या शौचाचे वर्णन निराळे करून सांगण्याची गरज नाही. पन्नास ते शंभर घनसेंटिमीटर रक्तही असा रंग आणावयास पुरे होते. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांचे शौचही काळसर होते. परंतु त्याला हा चिकटपणा व ही दुर्गंधी नसते. शंका आली तर डॉक्टरांना विचारावे. गोळ्यांमुळेच असेल असे परस्पर ठरवू नये.

तिसरी खूण शरीराच्या एकंदर स्थितीत दिसते. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, थंड घाम सुटणे, नाडी जलद चालणे, तहान लागणे, क्षणभर शुद्ध हरपणे ही सारी रक्त कमी पडल्याची चिन्हे होत. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. रक्तस्राव नुकताच झाला असता रक्ताच्या तपासणीत हीमोग्लोबिन जवळजवळ नेहमीइतके येऊ शकते. भांड्यातले अर्धे सरबत सांडले तरी उरलेल्याची गोडी तीच राहते. त्यात पाणी मिसळले म्हणजे ते फिके होते. रक्ताचेही तसेच आहे. शरीर हळूहळू ऊतींतील द्रव रक्तवाहिन्यांत ओढून घेते, तेव्हा कोठे तो आकडा उतरू लागतो. म्हणून पहिल्या तासातील समाधानकारक अहवालावर विसंबून घरी परतणे धोक्याचे असते.

या रक्तस्रावाची कारणे अनेक असली, तरी व्यवहारात दोन मुख्य. पहिले कारण पचनज व्रण, म्हणजे जठराच्या किंवा त्यापुढील आद्यांत्राच्या अस्तराला पडणारी जखम. ती खोल जाऊन एखाद्या रोहिणीपर्यंत पोचली की रक्त उसळू लागते. हे व्रण चिंतेने व तिखटाने होतात अशी समजूत बराच काळ रूढ होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये जठरात राहणारा एक वळणदार जंतू वेगळा करून दाखवला, आणि पुढे या जंतूचा व व्रणाचा संबंध सिद्ध झाला. हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने तो आता ओळखला जातो. त्या दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूच्या जोडीला दुसरा अपराधी आपण स्वतः घरात आणून ठेवतो, तो म्हणजे वेदनाशामक गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन यांसारखी औषधे ज्या द्रव्यांची निर्मिती रोखून दुखणे कमी करतात, तीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करीत असतात. दुखणे शमते आणि त्याच वेळी आतले कवच झिजते. ओझे उचलणारा, वाकून काम करणारा, रात्रपाळी करणारा माणूस कंबरदुखीसाठी दुकानातून गोळ्या घेत राहतो, आणि त्या गोळ्यांनी पोटातील दुखणेही दबल्यामुळे कित्येकदा रक्तस्राव हीच व्रणाची पहिली वार्ता ठरते.

दुसरे कारण यकृताच्या विकाराशी निगडित आहे. आतड्यांतील व प्लीहेतील रक्त एका मोठ्या नीलेने यकृतात जाते. दारू, कावीळ ब व कावीळ क यांचे विषाणू किंवा अन्य कारणांनी यकृत कठीण व तंतुमय झाले, म्हणजे या रक्ताची वाट अडते. तांदुळ्याच्या कालव्याचे दार अर्धेअधिक मिटले, तर पाणी मागे तुंबते आणि कडेच्या लहान ओहोळांतून वाट काढू लागते. त्याप्रमाणे तुंबलेले रक्त अन्ननलिकेच्या तळाशी असलेल्या बारीक नीलांतून वाहू लागते. त्या फुगतात, नागमोडी होतात, त्यांच्या भिंती पातळ होतात आणि एखादे दिवशी फुटतात. यकृत चांगले असूनही तिकडे जाणारी नीलाच बंद पडल्यामुळे लहान मुलांतसुद्धा असा प्रकार होतो. तेव्हा रक्ताची उलटी म्हणजे दारूच, असे कोणाविषयी घाईने बोलू नये. रुग्णाला लाज वाटून त्याने दुखणे लपवण्यास असे बोलणे पुरेसे होते.

आता दुर्बिणीकडे वळू. झोतभट्टीत काय चालले आहे हे पाहण्यासाठी ती कोणी फोडत नाही. गरम हवा जेथून आत सोडतात, तेथील लहानशा काचेतून जाणता कामगार डोकावतो आणि आतल्या प्रकाशावरून भट्टीची प्रकृती ओळखतो. मानवी जठरात असे डोकावण्याची इच्छा वैद्यांना फार पूर्वीपासून होती. अडचण होती ती वाकड्या वाटेची आणि आतल्या अंधाराची. १८६८ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाला सरळ, ताठ नळी गिळावयास लावून पाहिली. वाट मिळाली, पण उजेड पुरेना. १९३२ मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांनी थोडीशी वाकणारी, भिंगे जोडलेली नळी तयार करविली. तीही रुग्णाला त्रासदायकच होती.

खरी वाट काढली ती काचेच्या धाग्याने. केसाएवढ्या बारीक काचतंतूच्या एका टोकातून शिरलेला प्रकाश तंतूच्या भिंतींवर आतल्या आत परावर्तित होत दुसऱ्या टोकाशी बाहेर पडतो, तंतू वाकला तरीसुद्धा. अशा हजारो तंतूंची जुडी बांधून तिच्यातून चित्र नेता येते, हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील हॅरल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे पंजाबात जन्मलेले सहकारी नरिंदरसिंग कपानी यांनी जानेवारी १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात बेसिल हिर्शोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तंतूंना वेगळ्या काचेचे आवरण देऊन त्यांतून गळणारा प्रकाश अडवला, आणि १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी आपली नवी लवचिक नळी प्रथम स्वतःच गिळून पाहिली. त्याच सुमारास दुर्ग जिल्ह्यातील शेतांच्या व माळांच्या जागी भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून निघालेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. नव्या नगरात महाराष्ट्रातून येऊन स्थायिक झालेल्या पहिल्या पिढीतील कोणाच्या व्रणातून रक्त गेले असते, तर विश्रांती, रक्ताधान आणि शेवटी शस्त्रक्रिया एवढेच उपाय त्या काळी होते. आज काचतंतूंच्या जुडीची जागा नळीच्या टोकावरील सूक्ष्म कॅमेऱ्याने घेतली आहे आणि आतले चित्र पडद्यावर मोठे होऊन सर्वांना दिसते.

मग रुग्ण आला की लगेच नळी घालावी, असे कोणालाही वाटेल. अनुभव मात्र निराळे सांगतो. पहिले काम रक्ताभिसरण सावरण्याचे. दोन्ही हातांच्या शिरांत रुंद सुया बसवून द्रव देणे, नाडी व रक्तदाब पाहणे, रक्तगट ठरवून रक्त तयार ठेवणे, उलटी श्वासनलिकेत जाऊ नये याची काळजी घेणे, हे आधी झाले पाहिजे. हाँगकाँग येथे अतिजोखमीच्या ५१६ रुग्णांवर केलेली एक पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तज्ज्ञांना कळवल्यापासून सहा तासांच्या आत ज्यांची तपासणी झाली, त्यांच्यापैकी ८.९ टक्के तीस दिवसांत दगावले. सहा ते चोवीस तासांत तपासणी झालेल्यांपैकी ६.६ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. परंतु घाईने लाभ झाला नाही एवढे निश्चित. म्हणून सर्वसाधारण नियम असा की, आधी सावरावे आणि चोवीस तासांच्या आत पाहावे. यकृतविकारामुळे फुगलेल्या नीला फुटल्या असाव्यात असे वाटले, तर ही मुदत बारा तासांची. रक्ताभिसरण कशानेच सावरत नसेल, तर अर्थातच थांबता येत नाही.

रक्त देण्याच्या बाबतीतही असाच एक जुना समज बदलला. जितके गेले तितके भरावे, हे ऐकावयास योग्य वाटते. बार्सिलोना येथील ९२१ रुग्णांच्या पाहणीत, जी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, एका गटाला हीमोग्लोबिन सात ग्रॅमच्या खाली गेल्यावरच रक्त दिले आणि दुसऱ्याला नऊच्या खाली जाताच. सहा आठवड्यांनंतर पहिल्या गटातील ९५ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातील ९१ टक्के. तुंबलेल्या नीलांत अधिक रक्त भरले की दाब वाढतो व बांध पुन्हा फुटतो, हे त्याचे एक कारण. अर्थात धो धो रक्त जात असलेल्या रुग्णाला आणि हृदयविकार असलेल्याला हा हिशेब तसाच लावत नाहीत. आणखी एक गोष्ट या प्रदेशासाठी महत्त्वाची. छत्तीसगडात व विदर्भात सिकलसेल विकार बऱ्याच कुटुंबांत आढळतो. अशा रुग्णाचे हीमोग्लोबिन मुळातच कमी असते. त्याचा नेहमीचा आकडा घरच्यांनी डॉक्टरांना सांगितला, तर उपचाराचा अंदाज चुकत नाही.

नळी घालण्यापूर्वीच काही औषधे सुरू होतात. व्रणाचा संशय असता आम्लनिर्मिती रोखणारे औषध शिरेतून देतात. यकृताचा विकार असेल, तर आतड्यांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करणारे टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड आणि त्याबरोबर प्रतिजैविक देतात. रक्तस्रावाच्या वेळी जंतुसंसर्ग यकृताच्या रुग्णाला रक्तस्रावाइतकाच घातक ठरतो, म्हणून हे प्रतिजैविक.

प्रत्यक्ष तपासणीत रुग्णाला डाव्या कुशीवर निजवतात, घशात बधिरता आणणारे औषध फवारतात, आणि दातांमध्ये कडे ठेवून नळी अलगद पुढे सरकवतात. श्वास नाकाने चालूच असतो. गुदमरण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. व्रण सापडला की त्याचे रूप पाहून पुढचे ठरते. एडिंबरो येथील फॉरेस्ट यांनी १९७४ मध्ये या रूपांची जी प्रतवारी केली, ती आजही वापरात आहे. रक्ताची चिळकांडी उडत आहे, की रक्त नुसते पाझरत आहे. रक्त थांबले आहे पण तळाशी रक्तवाहिनीचे टोक उघडे दिसते, की तिच्यावर गुठळी बसली आहे. का तळ स्वच्छ पांढरा आहे. तळ स्वच्छ असेल, तर दुर्बिणीने काहीच करावे लागत नाही. गोळ्या देऊन रुग्णाला लवकर घरी पाठवता येते. बहुसंख्य व्रणांचे रक्त आपोआप थांबते. ज्यांचे थांबणार नाही किंवा थांबून पुन्हा सुरू होईल, त्यांना वेळीच ओळखणे हा दुर्बिणीचा मोठा उपयोग होय.

चिळकांडी किंवा उघडी वाहिनी दिसली, तर नळीतील बारीक मार्गाने हत्यारे आत सोडतात. सुईने व्रणाभोवती अॅड्रिनॅलिनचे विरल द्रावण टोचले की वाहिन्या आकसतात व दृष्टी मोकळी होते. पण हा परिणाम काही काळाचाच. म्हणून त्याला दुसऱ्या उपायाची जोड द्यावीच लागते. कपडे वाळत घालताना लावतो तशा चिमट्याच्या जातीची, परंतु काही मिलिमीटरची धातूची क्लिप वाहिनीवर बसवतात, किंवा उष्णता देऊन वाहिनीचे तोंड मिटवतात. यानंतर तीन दिवस आम्लरोधक औषध शिरेतून चालू ठेवल्यास पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण २२.५ टक्क्यांवरून ६.७ टक्क्यांवर येते, असे हाँगकाँगमधील २४० रुग्णांच्या पाहणीत २००० साली दिसून आले. आम्ल कमी झाले म्हणजे बसलेली गुठळी विरघळत नाही.

फुगलेल्या नीलांसाठी निराळी युक्ती आहे. मूळव्याधीच्या कोंबावर रबरी कडे चढवण्याची पद्धत पूर्वीपासून होती; तीच १९८० नंतरच्या दशकात अन्ननलिकेत नेण्यात आली. नळीच्या टोकावरील टोपणात नीला ओढून घेतात आणि तिच्या मुळाशी रबरी कडे सोडतात. बांधलेला भाग सुकून काही दिवसांत गळून पडतो व तेथे वण धरतो. जठराच्या वरच्या भागातील मोठ्या नीलांवर कडे नीट बसत नाही. तेथे झटकन घट्ट होणारे सायानोअॅक्रिलेट हे चिकट द्रव्य टोचतात. इंडोनेशियात जन्मलेले व हँबुर्ग येथे काम केलेले शल्यचिकित्सक निब सुहेंद्र यांनी ही पद्धत १९८६ मध्ये पुढे आणली.

एवढे करूनही काही रुग्णांचे रक्त थांबत नाही. तेव्हा एकवार पुन्हा दुर्बिणीने प्रयत्न करतात. तोही फसला, तर मांडीतील किंवा हातातील रोहिणीतून बारीक नळी नेऊन रक्तस्रावाची शाखा आतून बंद करतात. यकृताच्या रुग्णांत अडलेल्या रक्ताला यकृतातूनच नवी वाट करून देतात. किंवा शस्त्रक्रिया करतात. शल्यविद्येचे महत्त्व दुर्बिणीने संपलेले नाही. तिच्याकडे जाण्याची वेळ क्वचित येते, इतकेच.

भिलाई नगरात कारखान्याचे सेक्टर नऊमधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे, आणि शेजारी रायपुरात २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थान आहे. पण सगळेच रुग्ण नगरातले नसतात. दूरच्या गावातील माणसाला मोठ्या ठिकाणी पोचावयास चार-पाच तास लागू शकतात. वर सांगितलेल्या वेळेच्या हिशेबातून त्याच्यासाठी आशेची गोष्ट निघते: जवळच्या रुग्णालयात सुई बसवून, द्रव देऊन, पहिली औषधे सुरू करून मग त्याला पुढे पाठवले, तर दुर्बिणीची वेळ टळत नाही. उलट, काहीही न करता थेट दूरच्या शहराचा रस्ता धरला, तर वाटेतच घात होण्याचा संभव असतो. घरच्यांनी अशा माणसाला पायी चालवू नये, आडवे ठेवावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे, पोटात काही घालू नये, आणि तो घेत असलेल्या सर्व औषधांची पाकिटे बरोबर घ्यावीत. त्याच्यासाठी लागणारे रक्त कोणीतरी आधीच दिलेले असते, हेही विसरू नये.

रक्त थांबले म्हणजे रोग गेला असे नव्हे. व्रणाच्या रुग्णात हेलिकोबॅक्टरची तपासणी व्हावी. जंतू सापडला तर दोन आठवड्यांचा औषधोपचार पूर्ण करावा, आणि जंतू गेला याची खात्री पुन्हा तपासून करून घ्यावी. वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत, विडी सोडावी. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल, तर ती भीतीने कायमची बंद करू नये. ती पुन्हा केव्हा सुरू करावयाची हे डॉक्टर ठरवतील. उगाच थांबवल्यास हृदयाचा झटका येण्याचा धोका असतो. नीला बांधलेल्या रुग्णाने बरे वाटते म्हणून घरी बसू नये. साऱ्या नीला नाहीशा होईपर्यंत दर काही आठवड्यांनी कडी घालून घ्यावी लागतात आणि दाब कमी ठेवणारी गोळी चालू ठेवावी लागते. दारू तर पूर्णपणे सुटली पाहिजे.

दारू सोडणे एकट्या माणसाला कठीण जाते, हे खरे. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली आपल्या संघटनेतूनच दारूबंदीची चळवळ चालवली. १९७७ च्या गोळीबारात बळी पडलेल्या सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ याच कामगारांनी १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून तेथे शहीद रुग्णालय उभे केले. दारू हा केवळ एका माणसाचा दुर्गुण नसून साऱ्या वस्तीचा प्रश्न आहे, असे मानून त्यांनी तो हाती घेतला, ही गोष्ट यकृताच्या रुग्णांच्या कुटुंबांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

शौचाच्या रंगाविषयी बोलणे आपल्याकडे असभ्य समजतात. घरातील वडील माणसे, विशेषतः स्त्रिया, हा बदल दोन-दोन दिवस कोणाला सांगत नाहीत. म्हणून चक्कर येते, घाम सुटतो, असे घरातील कोणी म्हणाले, तर संकोच न बाळगता हा एक प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर ‘काळे’ असे आले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.